खानगी खाते : बडोद्याच्या करमणूक-खर्चाचा हिशेब

घरखर्चात करमणुकीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढण्याची शिस्त बडोद्याच्या राजवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, आणि तिचा इतिहास आजच्या गृहस्थालाही अतिशय उपयोगी आहे. या शिस्तीआधी बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांना कुस्त्यांचा व प्राण्यांच्या झुंजींचा मोठा शौक होता, तर त्यांच्यानंतरचे महाराज मल्हारराव यांनी सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या, ज्या मिरवणुकीत पांढरे बैल ओढत असत. १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केल्यानंतर दिवाण टी. माधवराव यांनी राज्याची विस्कटलेली आर्थिक घडी बसवली. सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत राजाचा व राजवाड्याचा खर्च ‘खानगी खाते’, म्हणजे राजघराण्याच्या खासगी खर्चाचा विभाग, सांभाळत असे. गवई, वादक, नर्तकी यांची व्यवस्था ‘कलावंत कारखान्या’कडे होती; येथे ‘कारखाना’ म्हणजे यंत्रशाळा नव्हे, तर दरबारी विभाग. लहरीवर मिळणाऱ्या बिदागीऐवजी कलावंतांना ठरलेला पगार व नियम लागू करणे हा यातला खरा मोलाचा भाग होय, कारण त्यामुळे वर्षाचा खर्च आधीच कळतो. शिवाय १८८६ मध्ये गायक मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली आणि दरबारातले संगीत सर्वसामान्यांनाही शिकता येऊ लागले.

हेच तत्त्व घरी लावायचे, तर नवरात्रातील गरब्याचे पास, चणियाचोळी, नाटक-सिनेमा यांचे पाकीट पगाराच्या दिवशीच वेगळे करावे. बडोद्यातील कमाटीबाग या सार्वजनिक उद्यानातील संध्याकाळ मात्र त्या पाकिटाला जवळजवळ हातही लावत नाही.