बहिणीचं नाव सातबारावर कसं चढतं

बाप गेल्यावर दिवसकार्य उरकतं आणि भाऊ मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे जातो. (हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी, गावाच्या तोंडी तलाठीच.) त्या प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं आहेत की नाहीत, पहिली मेख इथेच.

वारसाहक्क हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क मुलालाच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलीलाही दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. एकाच घरात धाकटीला वाटा आणि थोरलीला नाही! केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीत ही अट नाही. तरी त्या दिवशी बाप हयात हवा का, यावर कोर्टात घोळ चालूच राहिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: हक्क जन्माचा, बाप तेव्हा हयात नसला तरी चालेल.

जमिनीचं दप्तर मात्र राज्याचं. तलाठी वारसनोंद घेतो, फेरफार धरतो, नोटिसा काढतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि नावं सातबारावर चढतात. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचं घर त्या तीन अक्षरांच्या आड.

उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. सातबारा मुळात महसुलासाठी आहे. दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावता येतो.

हक्क जातो तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. भाऊ गाडी करून बहिणीला आणतो. दोन साक्षीदार, कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, मग हॉटेलात जेवण आणि एक साडी. हक्कसोडपत्रात ‘विनामोबदला, स्वखुशीने’ असं लिहिलेलं असतं. खुशी किती आणि माहेर तुटायची भीती किती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? नोंदणी झालेलं हक्कसोड नंतर नुसत्या अर्जाने रद्द होत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते.

पुढे या दस्तावरून नवा फेरफार होतो आणि सातबारावर तिच्या नावाला कंस पडतो. दप्तरात नाव कमी करतात ते असंच.