जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमई
एसएसडी जोडण्याचे एनव्हीएमई मानक २०११ साली आले, पण त्या सुमाराच्या बहुतेक मदरबोर्डांच्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. अशा बोर्डावर अडॅप्टर कार्डाने जोडलेली एनव्हीएमई एसएसडी विंडोज सुरू झाल्यावर दिसते. तिच्यावरून संगणक सुरू मात्र होत नाही, कारण त्या घडीला डिस्क वाचण्याचे काम फर्मवेअरचेच असते. फर्मवेअरची फाइल उघडून डीएक्सई ड्रायव्हरांच्या विभागात एनव्हीएमईचा छोटा ड्रायव्हर बसवला आणि ती फाइल बोर्डाच्या चिपवर लिहिली की अडचण सहसा सुटते. धडधाकट संगणक भंगारात जाण्यापासून वाचवणारी ही खटपट नक्कीच सार्थ आहे. मात्र डिजिटल सही जुळत नसल्याने काही बोर्ड बदललेली फाइल नाकारतात. लिहिताना वीज गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती असते. म्हणून मूळ फर्मवेअरची प्रत आणि चिपवर थेट लिहिणारे प्रोग्रॅमर उपकरण आधीच हाताशी हवे.