रोहिणीचे अस्तर फाटते तेव्हा

अस्तर फाटलेल्या कोटाच्या बाहीत तुम्ही कधी हात घातला आहे का? हात बाहीतून बाहेर न येता अस्तर आणि कापड यांच्यामध्ये शिरतो. जोर लावावा तसतसे अस्तर अधिकच उसवते. मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीतही, क्वचित का होईना, असेच घडते. मार लागलेला नसतो, शस्त्रक्रियाही झालेली नसते. अस्तर आपोआप फाटते.

खोटी वाट

हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर ढकलते. त्यातले जवळजवळ १ लिटर आपल्या दोन मूत्रपिंडांकडे जाते. हे रक्त वाहून नेणाऱ्या रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात : आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा थर आणि बाहेर चिवट आवरण. अस्तराला चीर पडली की रक्त थरांच्या मध्ये घुसून खोटी वाट तयार करते. खरी वाट दबते. कधी तेथे गुठळी होते. मूत्रपिंडातील रोहिणीच्या शाखा एकमेकींच्या मदतीला धावू शकत नाहीत. म्हणून एक शाखा बंद पडली, तर तिच्या वाट्याचा भाग काही तासांत मरू लागतो.

कात्रजचा नळ आणि मूत्रपिंड

१७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्याच्या हौदांत आणले गेले. हौदात पाणी कमी आले, म्हणून तलाव काही अधिक जोराने पाणी सोडत नसे. मूत्रपिंड मात्र गप्प बसत नाही! रक्त कमी मिळताच ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते आणि त्यामुळे साऱ्या शरीराचा रक्तदाब वाढतो. १९३४ साली अमेरिकेत डॉ. हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या रोहिणी चिमट्याने आवळून हा परिणाम दाखवून दिला. येथेच खरा धोका आहे : वाढलेला दाब फाटलेले अस्तर आणखी उसवू शकतो.

असे का होते?

काहींच्या रोहिणीची भिंत मुळातच सदोष असते. फायब्रोमस्क्युलर डिसप्लेझिया या विकारात तिची घडण बिघडते. एहलर्स-डॅनलॉस आणि मार्फन या आनुवंशिक विकारांत भिंतीला बळकटी देणारे तंतू दुबळे असतात. उच्च रक्तदाब आणि अतिश्रम यांचाही संबंध आढळतो. अनेकदा मात्र कारण सापडतच नाही.

ओळख आणि उपचार

कुशीत एकाएकी तीव्र कळ येते. साहजिकच मुतखड्याची शंका येते. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, म्हणून प्रश्न मिटत नाही. शिरेतून विशिष्ट औषध टोचून सीटी अँजिओग्राफी केली, की रोहिणीतील चीर दिसू शकते.

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. औषधांनी रक्तदाब उतरवतात, म्हणजे चिरेवरचा ताण कमी होतो. गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर गरजेप्रमाणे रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. तेवढ्याने भागले नाही, तर जांघेतील रोहिणीतून बारीक नळी सरकवून चिरेपाशी जाळीदार स्टेंट बसवतात. तो अस्तराला पुन्हा भिंतीशी दाबून धरतो. काही वेळा शस्त्रक्रियेने रक्ताला नवी वाट काढून द्यावी लागते.

तेव्हा मित्रांनो, घरात कोणाला अशी अचानक कळ आली, तर ‘खडाच असेल’ म्हणून दुखणे अंगावर काढू देऊ नका. लगेच दवाखाना गाठा आणि रक्तदाब मोजून घ्या. मूत्रपिंड वाचवायला हाती थोडेच तास असतात.