वाटाड्या

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे गाव बालाजीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. गावाभोवती कापसाची व सोयाबीनची शेते आहेत, जवळून खडकपूर्णा नदी वाहते. या मोकळ्या मुलखात एखादा परका प्रवासी वाट चुकला तरी फारशी भीती नसते. हाक मारली की कोणीतरी गुराखी ओ देतो. अंधार पडला तर गावातले दिवे दिसतात. परंतु धुके उतरले म्हणजे दहा पावलांवरचे झाड दिसत नाही आणि कोसभर हाकेला ओ देणारे कोणी नसते, असेही प्रदेश आहेत. अशा ठिकाणी प्रवाशाला वाटाड्या लागतो.

पूर्व हिमालयाच्या पायथ्याचा डोंगराळ भाग हा असाच प्रदेश होय. देऊळगाव राजाहून तेथे जायचे झाल्यास जालन्याला आगगाडीत बसावे लागते. पुढे गाड्या बदलत दोन-तीन दिवसांनी उत्तर बंगालमधील न्यू जलपाईगुडी येते. तेथे सपाट मैदान संपते व डोंगर सुरू होतात. १८८१ साली सुरू झालेली चिमुकली आगगाडी चहाच्या मळ्यांतून वळणे घेत दार्जिलिंगला चढते. दार्जिलिंगजवळच नेपाळच्या सीमेवर मानेभंज्यांग नावाचे खेडे आहे. संदकफूची पायवाट येथून सुरू होते.

संदकफू हे पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच ठिकाण. त्याची उंची ३,६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक आहे. येथे चढण्यास दोर किंवा बर्फाची कुदळ लागत नाही. निरोगी माणूस तीन-चार दिवसांत चालत पोहोचतो. वाटेत बांबूची बने लागतात. एप्रिल महिन्यात गुरांस वृक्षांच्या लाल-गुलाबी फुलांनी डोंगरउतार भरून जातात. याच अरण्यात लाजरा तांबडा पांडा राहतो. आकाश निरभ्र असेल, तर माथ्यावरून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से व मकालू ही शिखरे दिसतात. जगातील सर्वांत उंच अशा पाच शिखरांपैकी ही चार होत.

या वाटेवर स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा, असा नियम आहे. पायवाट तर दिसते. मग वाटाड्या कशाला, असे नवख्या प्रवाशाला वाटते. पण वाट दाखवणे हे वाटाड्याचे केवळ एक काम आहे. त्याहून अवघड काम म्हणजे प्रवाशांची काळजी वाहणे.

उंचावर हवा विरळ होते. संदकफूच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो. शरीराला या हवेची सवय होण्यास वेळ लागतो. म्हणून वाटाड्या पहिल्या दिवसापासून मुद्दाम सावकाश चालतो. उत्साही मुले त्याच्या पुढे धावू पाहतात. तो त्यांना मागे बोलावतो. रात्री जेवताना प्रत्येकाच्या पानाकडे त्याचे लक्ष असते. कोणाचे डोके दुखते, कोणाला अन्न नकोसे झाले, कोणाला मळमळते, हे तो विचारीत राहतो. सोबती हसतील या भीतीने काही जण दुखणे लपवतात. हे लपवणे जिवावर बेतू शकते. दुखणे अंगावर काढून वर चढत राहिले, तर फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते. यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे वेळीच खाली उतरणे. शिखर तासाभराच्या अंतरावर असताना ‘परत फिरा’ असे सांगण्यास धैर्य लागते. हे धैर्य ज्याच्यापाशी असते, तोच खरा वाटाड्या.

या प्रदेशाला अशा माणसांची जुनी परंपरा आहे. सिक्कीमचा किंतुप हा व्यवसायाने शिंपी; त्याला लिहिता-वाचता येत नसे. तिबेटातील त्सांगपो नदी हीच ब्रह्मपुत्रा आहे काय, हे शोधण्यासाठी १८८० साली त्याला एका लामाबरोबर धाडण्यात आले. त्या लामाने वाटेत त्याला गुलाम म्हणून विकले. तेथून तो निसटला. मग त्याने पाचशे ओंडक्यांवर खुणा केल्या आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास ओंडके नदीत सोडले. परंतु त्याचा निरोप वेळेवर पोहोचला नव्हता, त्यामुळे खाली ते ओंडके पाहण्यास कोणीच नव्हते. चार वर्षांनी तो परतला, तेव्हा अनेकांनी त्याच्या हकिकतीवर विश्वास ठेवला नाही. १९१३ साली बेली व मोर्सहेड यांनी त्याच खोऱ्यात प्रवास केला, तेव्हा किंतुपच्या वर्णनातील बराचसा भाग खरा ठरला.

पुढे २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे यांनी एडमंड हिलरी यांच्यासह एव्हरेस्टवर पाऊल ठेवले. दुसऱ्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण शिकवणारी संस्था निघाली आणि तेनसिंग तेथे शिक्षक झाले. आजही मोठ्या मोहिमा शेर्पांच्या साहाय्याने पार पडतात. २०१९ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजंगेच्या शिखरावर पोहोचले. त्यांच्याबरोबरही शेर्पा होते.

वाटाड्याप्रमाणे प्रवाशाचीही काही कर्तव्ये आहेत. त्याचे म्हणणे ऐकावे. त्याला ठरलेला मोबदला न घासाघीस करता द्यावा. ओझे वाहणाऱ्याच्या अंगावर पुरेसे गरम कपडे आहेत ना, हे पाहावे. आणि आपला कचरा डोंगरावर न टाकता परत आणावा. प्रवासी चार दिवस राहून निघून जातात. वाटाड्याचे घर मात्र तेथेच असते.

यात्रेच्या गर्दीत हरवलेल्या मुलाला हाताशी धरून घरी पोहोचवणारा माणूस देऊळगाव राजातही भेटतो. हिमालयातील वाटाडे हेच काम थंडीवाऱ्यात व धुक्यात करीत असतात. सगळी मंडळी सुखरूप खाली उतरली, म्हणजे त्यांचे काम पुरे होते.