काडतूस खरेदीवरील निर्बंध आणि क्रीडा नेमबाज : पलूस परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नेमबाजी हा दक्षिण महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनातील तुलनेने नवा, परंतु अत्यंत यशस्वी असा अध्याय आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक पटकावले. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या यशामुळे सांगली, सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालयीन युवकांत या खेळाविषयी स्वाभाविक आकर्षण निर्माण झाले आहे.

वरील तिन्ही पदके काडतुसाने खेळल्या जाणाऱ्या प्रकारांतील आहेत, ही बाब मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. काडतूस ही क्रिकेटच्या चेंडूप्रमाणे दुकानात जाऊन विकत घेता येणारी वस्तू नाही. तिची खरेदी, साठा, वाहतूक व वापर या प्रत्येक टप्प्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. या नियंत्रणाचा क्रीडा नेमबाजांवर नेमका काय परिणाम होतो आणि तो कोणावर अधिक होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पलूस तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थी हा या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील शस्त्रनियंत्रणाचे मूळ वसाहतकालीन आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर कडक बंधने घातली. या कायद्यामागे प्रजेविषयीचा अविश्वास होता. पलूस परिसराला ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. याच तालुक्यातील कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळातील सातारच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र होते. क्रांतिसिंह नाना पाटील व जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीला आणि तिच्या तुफान सेनेला शस्त्रे व काडतुसे यांची टंचाई सतत जाणवत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात शस्त्र अधिनियम, १९५९ संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. कायद्याचे पालन करणाऱ्या नागरिकास स्वसंरक्षण, प्रशिक्षण व अन्य वैध कारणांसाठी परवान्यावर शस्त्र सुलभतेने मिळावे, असा त्याचा एक घोषित हेतू होता. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे छंद म्हणून होणारी शिकार जवळजवळ संपुष्टात आली. परिणामी, हौशी नेमबाजीसाठी कागदी लक्ष्य, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य व मातीच्या तबकड्या एवढेच क्षेत्र उरले. म्हणजेच आजचा हौशी नेमबाज हा जवळजवळ पूर्णतः क्रीडा नेमबाज होय.

कायदेशीर चौकट

अधिनियमाच्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र अथवा दारूगोळा संपादन करण्यासाठी व बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. परवान्यावर शस्त्राच्या वर्णनाबरोबरच एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील व वर्षभरात किती खरेदी करता येतील याचीही नोंद असते. सामान्य परवानाधारकाच्या बाबतीत ही संख्या फार तर शेकड्यांत मोजण्याइतकी असते. प्रत्येक खरेदीची नोंद विक्रेत्याच्या नोंदवहीत व परवान्यावर होते.

क्रीडा नेमबाजांसाठी कायद्याने काही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. त्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) शस्त्रांच्या संख्येवरील मर्यादा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या अथवा संघटनेच्या सदस्यास लक्ष्यसरावासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉइंट २२ बोअर रायफल व हवाई रायफलच्या बाबतीत लागू होत नाही. अशा सदस्यास या दोन शस्त्रांसाठी परवाना देण्याबाबत कलम १३ मध्येही अनुकूल तरतूद आहे. या दोन्ही ठिकाणी पिस्तुलाचा मात्र उल्लेख नाही.

२) शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक बोअर नसलेल्या व २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्रांना परवाना लागत नाही. १० मीटर प्रकारातील एअर रायफल व एअर पिस्तूल या मर्यादेत बसतात. त्यांचे छर्रे त्यामुळे कोणत्याही कोट्याविना मिळतात.

३) याच नियमांतील नियम ४० मध्ये नेमबाजांना वार्षिक सरावासाठी खरेदी करता येणाऱ्या काडतुसांची संख्या त्यांच्या श्रेणीनुसार ठरवून दिली आहे. आंतरराष्ट्रीय पदकविजेते, नामांकित नेमबाज, कनिष्ठ नेमबाज, उदयोन्मुख नेमबाज अशा या श्रेणी आहेत. मान्यताप्राप्त स्पर्धांतील सहभाग व तेथील गुण हा या श्रेणींचा मुख्य आधार असतो.

शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने सामान्य नागरिकास बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्न, मिरवणूक आदी प्रसंगी हवेत केल्या जाणाऱ्या बेपर्वा गोळीबारासाठी स्वतंत्र शिक्षा ठेवण्यात आली. मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी सवलती वाढविल्या. एका प्रकारात नामांकित असलेल्या नेमबाजास चारऐवजी आठ, दोन प्रकारांत नामांकित असलेल्यास सातऐवजी दहा व त्याहून अधिक प्रकारांत नामांकित असलेल्यास सातऐवजी बारा शस्त्रे सवलतीच्या गटात बाळगण्याची मुभा मिळाली. कनिष्ठ व उदयोन्मुख नेमबाजांसाठी ही संख्या एकवरून दोन झाली. काडतुसांची वार्षिक मर्यादाही लक्षणीय प्रमाणात वाढविण्यात आली.

वरवर पाहता प्रश्न येथे सुटला असे वाटते. प्रत्यक्षात तो केवळ एक पायरी खाली सरकला आहे.

सरावाची गरज आणि मर्यादेचे गणित

५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात सध्या गुडघ्यावर, पालथे झोपून व उभे राहून प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या झाडल्या जातात. चाचणीच्या गोळ्या वेगळ्या. एका सराव सत्रात ८० गोळ्या व वर्षातून २०० सत्रे असा साधा हिशेब केला, तरी वार्षिक गरज १६,००० काडतुसांची होते. सामान्य परवान्यावरील वार्षिक कोटा अशा सरावास चार दिवसही पुरणार नाही. नेमबाजाची गरज आणि स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणाऱ्याची गरज यांत अंशांचा नव्हे, तर प्रकाराचाच भेद आहे. एकाची काडतुसे वर्षानुवर्षे कपाटात राहतात. दुसऱ्याची दररोज संपतात.

संख्येइतकाच महत्त्वाचा मुद्दा काडतुसाच्या दर्जाचा आहे. पॉइंट २२ ची स्पर्धात्मक काडतुसे मुख्यतः इंग्लंड, जर्मनी व फिनलंड येथील उत्पादकांकडून आयात होतात. एकाच कंपनीच्या एकाच प्रतीच्या काडतुसांतही उत्पादनाच्या गटागणिक सूक्ष्म फरक असतो. म्हणून अनुभवी नेमबाज आपल्या रायफलशी जुळणारा गट चाचणीने निश्चित करतो व तोच गट मोठ्या संख्येने घेऊन ठेवतो. ज्यास थोडी थोडी काडतुसे जमतील तशी घ्यावी लागतात, त्यास हे शक्य नसते. गोळी लक्ष्यापासून सरकली तर दोष हाताचा की काडतुसाचा, हेच त्याला समजत नाही. शिकाऊ खेळाडूच्या दृष्टीने ही हानी गंभीर आहे. कारण स्वतःची चूक अचूक ओळखता येणे हाच नेमबाजीच्या शिक्षणाचा पाया होय.

निर्बंधांचा विषम परिणाम

या ठिकाणी मूळ प्रश्न समोर येतो. अधिक काडतुसे मिळण्यासाठी श्रेणी हवी, श्रेणीसाठी स्पर्धेतील गुण हवेत, गुणांसाठी सराव हवा आणि सरावासाठी काडतुसे हवीत. पदकविजेता या वर्तुळाच्या बाहेर पडलेला असतो. त्यास वाढीव कोटा मिळतो, नामांकित नेमबाज म्हणून आयात शुल्कातील सवलत मिळते, संघटनेचे व प्रायोजकांचे साहाय्य मिळते. निर्बंधांचा खरा भार विजेत्यावर नव्हे, तर उमेदवारावर पडतो.

पलूस, भिलवडी, कुंडल वा किर्लोस्करवाडी येथील विद्यार्थ्याच्या बाबतीत हा भार आणखी वाढतो. अधिनियमानुसार २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस सर्वसाधारणपणे स्वतःचे अग्निशस्त्र संपादन करता येत नाही. विहित वयानंतर प्रशिक्षणादरम्यान शस्त्र वापरण्याची मुभा आहे, परंतु त्यासाठी क्लब व रेंज आवाक्यात असावी लागते. या भागाला जवळची नावाजलेली रेंज म्हणजे कोल्हापूरची दुधाळी रेंज. त्यापुढे पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल. शस्त्र परवान्यासाठी अर्जदारास सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते व त्यात पोलीस अहवालाचा टप्पा असतो. शेतकरी कुटुंबातील पालकास शस्त्र परवाना या शब्दांचीच धास्ती वाटते, ही सामाजिक बाबही विसरून चालणार नाही.

याचा परिणाम खेळाच्या प्रकाराच्या निवडीवर होतो. १० मीटर एअर रायफल व एअर पिस्तूल हे प्रकार ग्रामीण भागात रुजणे सोपे आहे. कारण तेथे परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त असतात आणि एका लांब खोलीतही सराव होऊ शकतो. पॉइंट २२ रायफल, २५ मीटर पिस्तूल व ट्रॅप या प्रकारांकडे वळताना मात्र दार एकदम अरुंद होते. वळण घेण्याची वेळ येते तेव्हा गुणवत्तेपेक्षा घरची ऐपत व शहराची जवळीक अधिक निर्णायक ठरण्याचा धोका असतो.

निवडणूक काळातही हा भेद दिसतो. आचारसंहितेच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेतली जातात. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्य असलेल्या, स्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंना यातून सूट देण्याची पद्धत आहे. ज्याचे नाव अद्याप संघटनेच्या यादीत नाही, त्या नवोदितास हे संरक्षण नसते. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभा व विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, हे लक्षात घेता सरावातील खंड किती मोठा असू शकतो याची कल्पना येते.

निर्बंधांची आवश्यकता

वरील विवेचनाचा अर्थ निर्बंध अनाठायी आहेत असा नव्हे. बेहिशेबी काडतूस गुन्हेगाराच्या हाती जाऊ शकते. पॉइंट २२ ची गोळी आकाराने लहान असली तरी प्राणघातक असते. लग्नातील गोळीबारात निरपराधांचे बळी गेले आहेत. त्यामुळे प्रत्येक काडतुसाचा हिशेब असावा ही शासनाची अपेक्षा रास्तच आहे.

अन्य देशांनाही हा तोल साधावा लागला आहे. ब्रिटनमध्ये १९९६ च्या डनब्लेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर १९९७ साली लहान अग्निशस्त्रांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. तेथील पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले आणि मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल व लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी विशेष व्यवस्था करावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकाने घरी ठेवावयाची काडतुसे २००७ नंतर काढून घेण्यात आली. परंतु तेथील नेमबाजी मंडळांच्या रेंजवर काडतुसे मिळतात व ती तेथेच वापरली जातात. काडतूस व्यक्तीच्या घरी न ठेवता रेंजवर ठेवले, तर सुरक्षितता व सराव यांत विरोध उरत नाही, हा यातील बोध आहे.

महाविद्यालयांची भूमिका व काही सूचना

या बाबतीत महाविद्यालये बरेच काही करू शकतात. राष्ट्रीय छात्र सेनेच्या सदस्यांना कर्तव्याच्या ओघात शस्त्र हाताळण्यासाठी कलम ४५ अन्वये वैयक्तिक परवान्याची गरज नसते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांनी आयुष्यातील पहिली गोळी छात्र सेनेच्या शिबिरातच झाडलेली असते. मात्र शिबिर संपले की ही ओळखही संपते. ती पुढे नेण्यासाठी पुढील सूचना विचारात घेता येतील.

१) महाविद्यालयांनी १० मीटर एअर रायफल व एअर पिस्तूल सरावाची सोय करावी. त्यासाठी काडतुसांचा प्रश्नच उद्भवत नाही. गोळीविना केला जाणारा कोरडा सरावही येथे शिकविता येतो.

२) शिबिरात गुणवत्ता दाखविणाऱ्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्यत्व मिळवून देण्यासाठी क्रीडा विभागाने पाठपुरावा करावा. वैयक्तिक परवान्यापेक्षा हा मार्ग अधिक सुरक्षित व सुलभ आहे.

३) नवोदितांसाठीचा काडतूस कोटा व्यक्तीऐवजी क्लबच्या नावे, रेंजवरच वापरण्याच्या अटीवर व रिकाम्या पुंगळ्यांच्या हिशेबासह देण्याचा विचार शासनाने करावा. मोठ्या खरेदीमुळे एकाच गटाची काडतुसेही उपलब्ध होतील.

४) विद्यार्थ्यांना कायद्याची माहिती द्यावी. जाणीवपूर्वक ताबा हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले असले, तरी पिशवीत राहून गेलेले एक काडतूसही विमानतळावर वा तपासणी नाक्यावर गुन्हा नोंदला जाण्यास पुरेसे ठरू शकते.

समारोप

काडतूस खरेदीवरील निर्बंध हे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेत. २०२० च्या सुधारणेनंतर सिद्ध झालेल्या खेळाडूंना ते पूर्वीइतके जाचक राहिलेले नाहीत. परंतु ज्यास अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे, त्याच्यासाठी मार्ग अजूनही अवघड आहे. कायदा व्यक्तीचे यश पाहून सवलत देतो. यशापूर्वीचा काळ मात्र कुटुंबाच्या ऐपतीवर सोडतो. ती पोकळी क्लब, महाविद्यालय व छात्र सेना यांच्या समन्वयाने भरून निघू शकते. कांबळवाडीसारख्या छोट्या गावातून ऑलिंपिक पदक आले, ते अपवाद ठरू नये असे वाटत असेल, तर पलूससारख्या तालुक्यातील विद्यार्थ्यास सरावासाठी काडतूस कोठे व कोणाच्या देखरेखीखाली मिळेल, या साध्या प्रश्नाचे उत्तर संस्थांनी शोधणे आवश्यक आहे.