मिलो, सुकडी आणि दीडशे रुपये

दुष्काळी भागातल्या अन्नमदतीला तीन हात लागतात: काम काढणारे महसूल खाते, धान्य पोचवणारे पुरवठा खाते आणि लेकराबाळांना शिजवून घालणाऱ्या संस्था. तिघेही एकाच गावात, एकाच आठवड्यात पोचले तर मदत पोटात जाते. महाराष्ट्रात हा मेळ बऱ्यापैकी बसला तो 1970 ते 1973 या वर्षांत, आणि तोही अडखळतच.

त्याआधीची शंभर वर्षे बहुतांशी परिपत्रकांची आहेत. 1877 साली व्हाइसरॉयने पाठवलेले दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडी चिल्लर इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कपातीवर टीकेची झोड उठवली आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या, आणेवारी आली, कलेक्टर सर्वाधिकारी झाला. बिहारात 1966–67 च्या दुष्काळात जयप्रकाश नारायण यांच्या बिहार रिलीफ कमिटीने मोफत भोजनालये चालवली आणि ‘केअर’ या अमेरिकी मदतसंस्थेने शाळांतून मुलांना जेवू घातले. सरकारबाहेरची माणसे सरकारच्या बरोबरीने उभी राहू शकतात, हे तिथे दिसले.

महाराष्ट्रात तीन हंगाम लागोपाठ गेले. 1972–73 मध्ये धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने मागेल त्याला काम द्यायचे ठरवले, आणि मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी ही ती कामे. खडीच्या कामावर मजूर दगडांच्या ढिगाशी बसून फोडत. ढिगाचे माप निघे, मापावर दाम ठरे, आणि पगार आठवड्याचा म्हटला तरी बरेचदा लांबे. अनेक कामांवर बायांची संख्या पुरुषांहून जास्त होती. मुकादमाच्या हजेरीपटाविषयी त्या काळातल्या माणसांना आजही फारसे चांगले बोलवत नाही.

पगार हातात पडला तरी प्रश्न अर्धाच सुटे. रास्त भाव दुकानात धान्य येईलच याची खात्री नव्हती. परराज्यातून धान्य आणायला खासगी व्यापाऱ्यांना बंदी होती. भरीला केंद्राने एप्रिल 1973 मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला, आणि तो कारभार कोलमडल्यावर पुढच्या वर्षी सोडून दिला. या काळात रेशनवर आला तो मिलो, म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकी नसे. भाकरी थापताना कडा फाटत, तव्यावर टाकताना तुकडा हातात राही. आजही ‘मिलो खाल्लेली पिढी’ म्हटले की ऐकणाऱ्याला साल सांगावे लागत नाही. सरकारी हिशेब मात्र टनांत होता, भाकरी होते की नाही याचा रकाना त्यात नव्हता. बाजारात बंदी झुगारून चोरवाटेने आलेल्या ज्वारीनेही पुष्कळ घरे तारली, हे पुरवठा खात्याने कधी मोकळेपणाने मान्य केले नाही.

कामाच्या ठिकाणी सुकडी वाटली जाई: भाजलेले पीठ, त्यात गूळ. बाळाला झाडाखाली झोपवून खडी फोडणाऱ्या बाईला तिचा खरा उपयोग होता. जामखेडला 1970 पासून काम करणारे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला. देणगीतून विंधणविहिरी घेताना हातपंप दलित वस्तीत बसतील अशी व्यवस्था केली, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. कलेक्टर कचेरीच्या आराखड्यात वस्ती कुणाची हा प्रश्नच नसे.

मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणी मोर्चे काढले, विधिमंडळात दुष्काळावर प्रश्नांचा भडिमार झाला. कामे चालू राहिली यात या दडपणाचा वाटा खात्यांच्या तत्परतेइतकाच होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी 1977 मध्ये कायद्यात आली आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाली. कामाला हमी मिळाली, धान्याला मिळाली नाही.

पुढच्या दशकांत दुष्काळ म्हणजे टँकर आणि जनावरांच्या छावण्या, 2016 साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे. माणसांच्या धान्याची चर्चा मागे पडली. जुलै 2015 मध्ये मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा या 14 जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकेवरच्या शेतकऱ्यांना माणशी महिना 5 किलो धान्य सुरू झाले, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने. केंद्राकडून धान्य मिळेना, म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यावर टाकायचे ठरले. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात याच 14 जिल्ह्यांतलेही तालुके होते. धान्य परत आले नाही. दीडशेचे एकशेसत्तर व्हायला जून 2024 उजाडला.