पंखा फिरतो, वीज का येत नाही?

मनमाडला वीज गेली, की खिडकीतल्या वाऱ्याने टेबलफॅनची पाती फिरतात. मग वीज का तयार होत नाही? पंख्यातल्या इंडक्शन मोटरच्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, स्वतःचं चुंबकत्व जवळपास नसतंच; ते गुंडाळीतल्या विजेकडून उसनं येतं. वीज गेली, उसनवारी संपली.

उपाय लेथवर आहे, आणि पुलांचे गर्डर घडवणाऱ्या रेल्वे वर्कशॉपच्या या गावात लेथवाला शोधावा लागत नाही. रोटर थोडा तासून त्यावर निओडायमियमची चुंबकं उत्तर-दक्षिण अशी आलटूनपालटून, किंचित तिरकी बसवायची. सरळ लावली तर रोटर अडखळतो.

खरी अडचण वेगाची. चार ध्रुवांच्या रोटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे हवेत. ही मोटर घरगुती पवनचक्कीला जोडली, तरी ती एवढी कुठली फिरायला! म्हणून गुंडाळीत बारीक तारेचे जास्त वेढे घालतात. व्होल्ट वाढतात, अँपिअर घटतात. ही वीज रेक्टिफायरमधून बॅटरीतच भरावी. घराच्या वायरिंगला जोडली, तर ती उलटी बाहेरच्या तारांत जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल.